पाय हाच ब्रेक

"रविवारी सकाळी भंगारवाला येतोय," बायको सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली. "गॅलरी रिकामी करायची. सगळी."

झालंचरावांना चहाचा ठसका लागला. "सगळी म्हणजे?"

"सगळी म्हणजे सगळी. कठडा तेवढा ठेवा."

झालंचराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव वीजबिलावर तेवढं उरलं होतं. घरातलं कुठलंही काम झालं का म्हणून विचारलं की ते मोठ्या उत्साहानं "झालंच!" म्हणायचे, आणि त्या 'च'मध्ये वर्षंच्या वर्षं निघून जायची. गॅलरीत एक तीन पायांचं स्टूल होतं, त्याचा चौथा पाय झालाच होता. एक रेडिओ होता, त्याचं पोट एका खोक्यात आणि बाकीचा देह दुसऱ्या खोक्यात. पाखरांसाठी लाकडाचं घर होतं, त्याला छप्पर तेवढं व्हायचं होतं. पाखरं यायची, जागा बघून जायची आणि दुसरीकडे संसार थाटायची.

नोकरीत मात्र हा माणूस एकदम चोख. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत ते कवळ्या बनवायचे, आणि त्यांची कवळी कधी उशिरा गेली नाही की कुणाच्या तोंडात सैल बसली नाही. "तिथं गिऱ्हाईक तोंड उघडून बसलेलं असतं," ते म्हणायचे, "घरी कोण बसलंय?" यावर बायकोचं म्हणणं असं, की तिनंही लग्नापासून तोंड उघडलेलंच आहे, ऐकणारा कोणी भेटलेला नाही.

ती घरी शिवणकाम करायची. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे. तिची पायाची मशीन स्वयंपाकघरात फ्रीज आणि दार यांच्या मधल्या बेचक्यात बसवलेली होती. कोणी फ्रीज उघडला की तिला कोपर वर करावं लागे, आणि कोणी दार उघडलं की मान खाली. निळ्या कापडावर निळा दोरा चालवताना तिचे डोळे दुखायचे. तिला उजेड हवा होता, आणि घरातला सगळा उजेड त्या तीन पायांच्या स्टुलावर पडून वाया जात होता.

"तुझं बरोबर आहे," झालंचराव म्हणाले. "दे सगळं. पण सायकल नको. ती झालीच आहे."

बायकोनं गॅलरीत नजर टाकली. सायकल म्हणजे भिंतीला टेकवलेला एक गंजका सांगाडा होता. "हिला चाकं कुठायत?"

"चाकं सोडली तर झालीच आहे."

"हँडल?"

"हँडल आणि चाकं सोडली तर."

हे सायकलचं वेड त्यांच्या डोक्यात मेहुण्यानं भरलेलं होतं. तो रोज संध्याकाळी चहाला यायचा आणि आताही बसला होता. त्याच्याकडे भारीतली, ढीगभर गिअरची सायकल होती. एकदा त्यानं मोबाइलवर फिक्स्ड गिअर सायकलचा व्हिडिओ दाखवला आणि झालंचराव त्या रात्री झोपेतही पाय हलवत होते.

"साध्या सायकलला पाय थांबवले तरी चाक पुढे जातं ना, ताई," मेहुण्यानं बहिणीला समजावलं, "हिचं तसं नाही. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार. मधे सुट्टी नाही."

"म्हणजे संसारच की," ती म्हणाली.

"आणि विकत म्हणून काही घ्यायचं नाही!" झालंचरावांचे डोळे चमकले. "सगळं जुनं, टाकलेलं, इथून तिथून जमवलेलं. त्यातच तर मजा आहे! रविवारपर्यंत पुरी करून दाखवतो. पैज!"

बायकोनं दोरा दातानं तोडला. अटी घालण्यात ती तरबेज होती, शिंप्याचं माप चुकत नाही. "ठीक आहे. सायकल आपल्या गेटमधून निघाली पाहिजे, बागेला वळसा घालून परत आली पाहिजे आणि गेटाशी थांबली पाहिजे. थांबली म्हणजे थांबली. पडली तर थांबली म्हणायचं नाही. जमलं तर गॅलरी तुमची, मी परत नाव काढणार नाही. नाही जमलं तर सायकलसकट सगळं भंगारात, आणि माझी मशीन गॅलरीत."

"मंजूर!" झालंचराव ओरडले. इतक्या आनंदानं त्यांनी लग्नालाही होकार दिला नव्हता, असं बायकोनं नंतर मेहुण्याला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यातून सुटले ते थेट भंगारवाल्याकडे. भंगारवाला हसतमुख माणूस होता. त्यानं ढिगातून मागचं एक चाक ओढून काढलं, चेन काढली, दात्यांची चकती काढली, म्हाताऱ्या सायकलचं वाकडं हँडलही काढलं. झालंचरावांना काय घेऊ नि काय नको असं झालं.

"किती द्यायचे?" त्यांनी खिशात हात घातला.

"राहू द्या हो साहेब," भंगारवाला म्हणाला. "रविवारी परत येणारच आहे ना माल. वहिनींनी सांगितलंय."

हे ऐकून दुसरा कोणी असता तर खचला असता. झालंचराव चाक खांद्यावर टाकून बसमध्ये चढले आणि शेजारच्या माणसाला, त्यानं काही विचारलेलं नसताना, उतरेपर्यंत फिक्स्ड गिअरचं तत्त्वज्ञान सांगत राहिले. तो माणूस एक स्टॉप आधीच उतरला.

पुढचं चाक मेहुण्याच्या अडगळीतून आलं. ते मागच्यापेक्षा बोटभर मोठं निघालं, त्यामुळे सायकल सतत चढावर असल्यासारखी दिसू लागली. सीट मिळाली खालच्या मजल्यावरच्या बँकवाल्या काकांकडून. काकांनी निवृत्त झाल्यावर व्यायामाची सायकल घेतली होती आणि तिच्यावर आजवर फक्त टॉवेल वाळले होते.

"घेऊन जा," काका म्हणाले. "कोरी आहे. मी एकदाच बसलोय, तेही बूट घालायला."

आता खरं काम उरलं होतं ते मागच्या चाकाचं. साध्या सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये आत दोन खटके असतात. पाय थांबले की ते टकटक करत सुटतात आणि चाक मोकळं फिरतं. हे खटके कायमचे बंद करायचे होते. लोक तिथं वेल्डिंग करतात. झालंचराव फ्रीव्हील हातात घेऊन बघत बसले. त्याला कडेनं दाते होते आणि मध्ये पोकळी. अशी गोष्ट ते रोज बघत होते. एकदम त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि ते जागच्या जागी उडाले.

"डॉक्टरीणबाई," दुसऱ्या दिवशी त्यांनी दवाखान्यात विचारलं, "तो कवळीच्या हिरड्यांचा गुलाबी मसाला उरलाय थोडा. नेऊ का?"

"कुणाची कवळी आहे?"

"सायकलची."

डॉक्टरीणबाई एका माणसाच्या जबड्यात गुंतलेल्या होत्या. त्या "न्या" म्हणाल्या आणि तो माणूस हसायला गेला तो त्याची जीभ चिमट्यात सापडली.

त्या संध्याकाळी झालंचरावांनी फ्रीव्हील रॉकेलमध्ये धुतलं, पुसलं, सुकवलं आणि त्याच्या पोटात गुलाबी मसाला असा ठासून भरला की खटक्यांना श्वास घ्यायला जागा उरली नाही. चाकाच्या आट्यांतही मसाला भरला, म्हणजे उलट जोर आला तरी फ्रीव्हील सुटायला नको. झिजलेले दाते एकेक करून कानशीनं घासले. मसाला घट्ट होईपर्यंत ते त्याच्याशेजारी बसून राहिले. बायकोनं जेवायला तीनदा हाक मारली, तेव्हा आतून "झालंच!" असं उत्तर आलं, पण या वेळी त्या 'च'मध्ये जरा वेगळा जीव होता. ते तिलाही जाणवलं.

शनिवारी दिवस मावळायच्या आत ते गॅलरीतून बाहेर आले. हात काळे, नाक काळं, कपाळावर गुलाबी ठिपका. ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, "झालं."

बायकोच्या हातातली कात्री थांबली. "काय म्हणालात?"

"झालं."

"'च' नाही?"

"नाही."

ती उठून गॅलरीत गेली. सायकल दोरीनं छताला टांगलेली होती. झालंचरावांनी पायडल हातानं फिरवलं, मागचं चाक फिरलं. चाक फिरवलं, पायडल फिरलं. उलटं फिरवलं, उलटं फिरलं. कुठं टकटक नाही, कुरकुर नाही. फ्रीव्हीलच्या फटीतून गुलाबी हिरड्या दिसत होत्या आणि सीटवरच्या एका चिरेलाही गुलाबी ठिगळ होतं. बायको कितीतरी वेळ बघत राहिली. लग्न झाल्यापासून या घरात पूर्ण झालेली ही पहिली वस्तू होती, आणि तिला उगाचच भरून आलं. पण पैज म्हणजे पैज, म्हणून तिनं चेहरा तसाच ठेवला.

चहाला आलेल्या मेहुण्यानं सायकलला एक फेरी मारून विचारलं, "दाजी, ब्रेक?"

झालंचरावांनी हँडल चाचपून बघितलं. ब्रेक राहिला होता. साफ विसरला होता. पण आदल्या क्षणी "झालं" असं म्हणून बसलेला माणूस आता 'च' कुठून आणणार?

"हिला ब्रेक नसतो," ते ताठ मानेनं म्हणाले. "पाय हाच ब्रेक! आणि पाय सुटू नयेत म्हणून पायडलला पट्टे लावलेत, दप्तराचे. पाऊल आत घातलं की पक्कं."

रविवारी सकाळी फाटकाशी हीऽ गर्दी. गल्ली मधल्या छोट्या बागेला वळसा घालून पुन्हा फाटकापाशीच यायची आणि फाटकाच्या अलीकडे तिला थोडा उतार होता, त्यामुळे बघणाऱ्यांची सोय होती. काका आपल्या गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. भंगारवाला रद्दीनं अर्धी भरलेली हातगाडी फाटकापलीकडे लावून उभा होता, वजनकाटा काढून. मेहुणा आपल्या भारी सायकलवर एक पाय टेकून हेल्मेट घालत होता. दुसरं हेल्मेट त्यानं झालंचरावांच्या डोक्यावर चढवलं, हे बरं केलं.

मेहुण्यानं धरलं, झालंचरावांनी पट्ट्यांत पावलं घातली, बायकोनं आपल्या हातानं पट्टे आवळले. "सांभाळून," ती हळूच म्हणाली. आणि सायकल निघाली!

काय सुंदर निघाली! साखर पेरल्यासारखी चेन वाजत होती, पाय आपोआप वरखाली होत होते, बागेतली झाडं भराभर मागं जात होती. झालंचरावांना वाटलं, आपण सायकल चालवत नाही, सायकलच आपल्याला चालवतेय. हे अगदी खरं होतं, पण त्याचा अर्थ त्यांना पहिल्या उतारावर कळला. सवयीनं त्यांनी पाय थांबवले. पायडल काही थांबलं नाही. त्यानं त्यांना सीटवरून वीतभर वर उचललं आणि परत ठेवलं.

"बघितलंस कशी धावते!" फाटकापुढून जाताना ते ओरडले.

"बघितलं. थांबा आता!"

"थांबतोच!"

आणि ते गेले. वळणावर त्यांच्या लक्षात आलं, की थांबायचं म्हणजे पाय जमिनीवर टेकवायचा, आणि पाय तर दप्तराच्या पट्ट्यांत आहेत. वेग कमी केला की सायकल डुगडुगते. डुगडुगली की पडणार, आणि पडली तर थांबली म्हणायचं नाही. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. तेव्हा पळवणंच बरं, असं ठरवून त्यांनी जोर लावला.

"अहो, थांबत नाही, की थांबता येत नाही?" दुसऱ्या फेरीला बायकोनं विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर द्यायच्या आत ते पुढं निघून गेले. ते तिसऱ्या फेरीला मिळालं. "दोन्ही!"

"पट्टा सोडा!"

चौथ्या फेरीला, "कसा? पाय हलतोय!"

"काका, तुम्ही काहीतरी सांगा हो त्यांना!" बायको वर बघून म्हणाली.

काका खुर्चीतून अर्धे उठले होते. "माझ्या सीटनं जन्मात एवढा प्रवास केला नाही!" ते अभिमानानं म्हणाले. यापलीकडे त्यांच्याकडून काही मदत झाली नाही.

मेहुण्याला राहवेना. "दाजी, आलो!" म्हणत तो मागून सुटला. चालत्या सायकलवरून वाकून पट्टा सोडवायचा त्याचा बेत होता. त्यानं खटाखट गिअर बदलले, चेन दोन गिअरच्या मधे अडकली आणि तो बागेच्या कोपऱ्यावर उभाच राहिला. झालंचराव त्याला मागं टाकून गेले. एवढ्या संकटातही त्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं आणि त्या भारी सायकलला आपण मागं टाकलं हे फाटकाशी पोचेपर्यंत ते ओरडून सांगत होते.

भंगारवाल्यानं मात्र शांतपणे रद्दीचे गठ्ठे गाडीत नीट पसरून घेतले. अनुभवी माणूस.

पुढच्या उतारावर बायको हात पसरून रस्त्यात उभी राहिली. "पाय दाबा! उलटे दाबा!" तिला बघून झालंचरावांनी दोन्ही पाय जीव खाऊन उलटे दाबले. कवळीचा मसाला तसूभर हलला नाही. मागचं चाक करकरलं, सायकल वाकडी झाली, बायकोला वळसा घालून फाटकाच्या पलीकडे गेली आणि झालंचरावांसकट हातगाडीतल्या रद्दीवर अल्लद जाऊन आडवी झाली.

"आला माल," भंगारवाला म्हणाला.

बायको धावली. तिनं आधी पट्टे सोडले, मग नवऱ्याचे हातपाय चाचपले, मग डोकं, मग पुन्हा हातपाय. कोपर खरचटलं होतं, बाकी सगळं जागच्या जागी होतं. "लागलं का हो कुठं?"

झालंचराव रद्दीत तसेच पडून होते. "पडली ना?"

"पडली."

"म्हणजे थांबली नाही." त्यांनी सायकलकडे बघितलं. "एकच गोष्ट पुरी केली गं मी. आणि ती अशी पुरी झाली, की थांबेना."

त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता, की भंगारवाल्यानंही वजनकाटा मागे घेतला. बायकोनं सायकल गाडीतून ओढून खाली उभी केली आणि मागचं चाक उचलून हातानं पायडल फिरवलं. चाक फिरलं. तळव्यानं हलकेच थोपवलं, चाक मंदावलं. तिनं पुन्हा फिरवलं, पुन्हा थोपवलं. मग तिच्या भुवया वर गेल्या.

"अहो, ही तर माझी मशीनच आहे!"

"काय?"

"पायाची मशीन! तिलासुद्धा पाय मधेच थांबवून चालत नाही, दोरा तुटतो. आणि एकदम उलटा जोर दिला तरी तुटतो. टाच हळूहळू जड करत न्यायची, शिवण संपते तिथं चाक आपोआप उभं राहतं." तिनं दप्तराचे पट्टे काढून भंगारवाल्याच्या हातात दिले, मेहुण्याचं हेल्मेट डोक्यावर दाबलं आणि सीटवर बसली. "व्हा बाजूला."

"ताई, अगं शाळेनंतर कधी—" मेहुणा म्हणेपर्यंत ती निघालीही होती.

ती संथ गेली, बागेमागून गेली, आणि सगळे श्वास रोखून तिकडे बघत राहिले. वळणावरून पुन्हा दिसली तेव्हा तिचा चेहरा असा फुलला होता, की झालंचराव रद्दीवर उठून बसले. उतार आला. तिनं पाय थांबवले नाहीत, फक्त टाचा जड केल्या. कॉलरचा गोल कोपरा फिरवावा तशी ती फाटकाकडे वळली. सायकल मंद झाली, आणखी मंद झाली, आणि बरोबर फाटकाच्या खांबाशी उभी राहिली. तिनं एक पाय जमिनीवर टेकवला.

टाळ्या काकांनी सुरू केल्या. झालंचराव तर गाडीतच नाचायला लागले. "थांबली! थांबली! माझी सायकल थांबली!"

मेहुणा डोकं खाजवत होता. "ताई, पण सायकल गेटमधून निघाली, वळसा घालून आली आणि गेटाशी थांबली. कुणी चालवायची ते तू बोललीच नव्हतीस. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, तू पाय दाखवून केलंस. पैज हरलीस तू."

सगळे तिच्याकडे बघू लागले. ती घामेजली होती आणि तिला धाप लागली होती. "मला कळत नाही का ते?" ती म्हणाली. "माणसानं एवढं पुरं केलेलं भंगारात द्यायचं?" मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "गॅलरी तुमची. पण ब्रेक लावल्याशिवाय ही सायकल पुन्हा गेटाबाहेर जाणार नाही. आज लावायचा. 'झालंच' नाही, 'झालं'."

भंगारवाला रिकाम्या हातानं गेला. जाताना ब्रेक तेवढा ठेवून गेला, त्याचेही पैसे घेतले नाहीत. "राहू द्या," तो म्हणाला, "गॅलरी अजून तिथंच आहे."

ब्रेक त्याच दिवशी लागला. पण ब्रेक लागला तरी झालंचरावांचे पाय काही सुधारेनात. उतार आला की ते थांबायचे आणि सायकल त्यांना उचलून ठेवायची. शेवटी बायकोनं उपाय काढला. आधी मशीनवर पाय बसवायचे, मग सायकल. स्वयंपाकघरातल्या बेचक्यात त्यांचे गुडघे मावेनात, म्हणून मशीन गॅलरीत आणावी लागली. मशीनला जागा हवी म्हणून स्टूल, रेडिओ आणि पाखरांचं घर पलंगाखाली गेलं. गॅलरी अर्थात झालंचरावांचीच होती, त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

आता सकाळच्या उजेडात ते तिथं बसतात आणि दवाखान्याची वेळ होईपर्यंत उशांच्या अभ्र्यांना सरळ शिवण घालतात. सुरुवातीला दोरा फार तुटायचा, आता कमी तुटतो. गणवेशांचे गठ्ठे सायकलला मागून लावलेल्या कॅरिअरला बांधून बायको घरोघरी पोचवून येते. तिच्या गुलाबी हिरड्यांच्या सायकलला आता सगळी गल्ली ओळखते, आणि मेहुण्यानं आपली भारी सायकल विकायला काढलीय.

परवा ती अशीच निघाली आणि फाटकाशी टाच जड करून थांबली.

"अहो," तिनं वर बघून हाक मारली, "काकांचे अभ्रे झाले का? जाता जाता देऊन टाकते."

मशीनचं चाक फिरत होतं. पाय थांबवता येत नव्हते. झालंचरावांनी मान वर न करता मोठ्या उत्साहानं उत्तर दिलं.

"झालंच!"

गल्लीच्या टोकाशी भंगारवाल्यानं तो शब्द ऐकला, हातगाडी वळवली आणि फाटकाच्या सावलीत लावून तो निवांत बसला.